घरात दोन मांजरं आणि कोंबडीची पिल्लं, खाद्य कुठलं घेऊ?

पाचगावकरीण
नमस्कार मंडळी. घरामागं थोडी मोकळी जागा आहे, तिथं सासऱ्यांच्या हौसेखातर गिरिराजा जातीच्या कोंबडीची पंचवीस पिल्लं आणलीत, टेम्पोवाल्याकडनं. आठवड्याची झाली असतील. मोठं खोकं, खाली भाताचं तूस, वर बल्ब, सगळं केलंय. आता खाद्यावरनं घरात तीन पार्ट्या पडल्यात. सासरे म्हणतात तांदळाची कणी आणि मक्याचा भरडा टाका, आम्ही आयुष्यभर तेच घातलं, कोंबड्या काय मेल्या का. नवरा ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर घेऊन आलाय कारण दुकानदार म्हणाला झटक्यात वाढतात. आणि शेजारच्या काकींच्या अंड्यावरच्या कोंबड्या आहेत, त्या म्हणतात आमच्याकडं लेअरचं पोतं फोडलेलंच आहे, ने की चार किलो, वेगळं कशाला आणतीस.

दुसरं म्हणजे मांजरं. एक मनी आणि एक बोका. मनी गरीब आहे पण बोका त्या खोक्यापासनं हलायला तयार नाही. आधी वाटलं पिल्लांवर डोळा आहे, तर हे ध्यान रात्री पोतं फाडून खाद्यच खायला लागलंय! सकाळी मिशांना सगळा भुगा लागलेला. त्याला काही होणार नाही ना? दुकानदार म्हणालेला पोत्यात औषध मिसळूनच येतंय, म्हणून जास्त काळजी वाटते. पाऊस पण तोंडावर आलाय, तेव्हा काय ते लवकर सांगा. ज्यांना मांजरं सोडून या म्हणून सांगायचंय त्यांनी जरा दमानं घ्या, ते होणार नाही.

कागलचा गडी
वहिनी, पहिलं काम म्हणजे काकींचं पोतं काकींनाच राहू द्या. लेअरच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतंय, कारण त्या कोंबडीला रोज अंड्याचं कवच बनवायचं असतंय. पिल्लाला लागतंय एक टक्क्याच्या आसपास. जादाचं कॅल्शियम जाणार कुठं, मूत्रपिंडावरच बसतंय, पिल्लं सुकत जात्यात, पांढरी चुन्यासारखी घाण टाकत्यात आणि एकेक करून जात्यात, आणि आपण म्हणतो साथ आली. साथ कसली, पोतं चुकलेलं असतंय. काकींना वाईट वाटंल पण नको म्हणून सांगा.

भाऊजींनी आणलेलं प्री-स्टार्टर वाईट न्हाई. त्यात प्रोटीन २२-२३ टक्के असतंय, ते सहा आठवड्यात कापायच्या कोंबडीसाठी बनवलेलं. गिरिराजाला एवढ्या घाईची गरज न्हाई, अंग भराभर वाढतंय आणि पाय मागं राहत्यात. आणलंयसा तर पहिले दहा-बारा दिवस घाला, टाकून देऊ नका, पैसे मोजलेत. पुढचं पोतं मात्र चिक स्टार्टर म्हणून मागा, २० टक्क्याच्या आसपास प्रोटीनवालं, ते आठ आठवड्यापर्यंत. मग ग्रोवर, १६ टक्के. अंड्यावर आल्यावर मग काकींकडनं न्या की लेअरचं, तवा चालतंय. दाणा क्रम्ब्ल म्हणजे चुऱ्याचा घ्या, नुसतं पीठ असंल तर पिल्लं चोचीनं उधळत्यात आणि निम्मं तुसात जातंय. पहिल्या आठवड्यात एक पिल्लू दिवसाला खातंय दहा-बारा ग्रॅम, पंचवीस पिल्लांना लगेच पन्नास किलोचं पोतं घेतलासा तर ते संपस्तवर वास यायला लागंल.

आता सासरेबुवांचं. ते पण खोटं बोलत न्हाईत हो. त्यांच्या टायमाला पिल्लू कोंबडीमागनं उकिरड्यावर फिरायचं, वाळवी खायचं, गांडूळ खायचं, शेणातल्या अळ्या उकरायचं, आणि घरात येऊन वर कणी खायचं. कणीत प्रोटीन आठ टक्के आणि मक्यात नऊ, बाकीचं ते बाहेरनं गोळा करत होतं. तुमची पिल्लं खोक्यात हायत. खोक्यात कुठनं आली वाळवी?

जुनं खोड
गडीभाऊंचं बरोबर आहे पण सगळंच दुकानातनं आणायचं म्हणजे अंडं पंधरा रुपयाला पडायचं. आमच्याकडं मका घरचा, सोयाबीन घरचं, पेंड मिळते, तर घरीच का बनवू नये? मी तर म्हणतो खुडूक (अंड्यांवर बसायला आलेली) कोंबडी मिळाली तर पिल्लं तिच्या पंखाखाली घाला रात्रीच्या अंधारात, बल्ब पण नको आणि मांजराची भीती पण नको. एकदा तिनं बोक्याच्या नाकावर चोच मारली की बोका पुन्हा त्या बाजूला बघणार नाही.

कागलचा गडी
खोडकाका, खुडूक कोंबडीचं एकदम मान्य, पण पंचवीस पिल्लं एका कोंबडीच्या पंखाखाली बसायची न्हाईत, दहा-बारा लय झाली. आणि तिनं दुसऱ्याची पिल्लं घेतली तर घेतली, न्हाईतर टोचून मारती, त्यामुळं सकाळी उठून बघायला लागतंय.

घरी बनवायचं तर दहा किलोला मक्याचा भरडा साडेपाच किलो, सोयाबीनची पेंड तीन किलो, तांदळाचं पॉलिश एक किलो, आणि राहिलेल्या अर्ध्या किलोत कोंबड्यांचं मिनरल मिक्स्चर, डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरसची पावडर), शिंपल्याचा चुरा आणि मीठ फक्त ३० ग्रॅम. हिशोब केला तर प्रोटीन वीसला टेकतंय. मिनरल मिक्स्चर म्हशीचं घालू नका, कोंबड्यांचं वेगळं येतंय, व्हिटॅमिनचं पाकीट पण त्यातच बघून घ्या. आणि सोयाबीन घरचं हाय म्हणून कच्चं भरडून घालू नका, आपल्या भागात हे लय जण करत्यात. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारं द्रव्य असतंय, पिल्लू पोटभर खातंय आणि वाढत न्हाई, ढाळतंय. चांगलं भाजून तरी घ्या न्हाईतर तेल काढलेली पेंड घ्या, ती तापवलेलीच असती.

शेंगपेंडीचं मात्र पावसाळ्यात नाव काढू नका. ओल लागली की बुरशी, आणि त्या बुरशीचं विष डोळ्याला दिसत न्हाई, यकृत खातंय. १९६० ला इंग्लंडमध्ये लाखभर टर्की मेल्या त्या ब्राझीलवरनं आलेल्या शेंगपेंडीनंच, तिथनंच अफ्लाटॉक्सिन सापडलं. मका पण दातानं फोडून बघा, कट्ट आवाज आला तर वाळलेला, दबला तर परत द्या. पोतं भिंतीला टेकवून ठेवायचं न्हाई, खाली लाकडी फळी. कोल्हापूरच्या जुलैत भिंतीच घाम सोडत्यात, तुमास्नी काय सांगायचं.

ढोरांचा दवाखाना
थोडं औषधाच्या बाजूनं लिहितो, याच लाईनमध्ये आहे. पोत्यात औषध म्हणजे बहुतेक वेळा कॉक्सिडिओसिसचं, आपल्याकडं त्याला कॉक्सी नाहीतर रक्ती हगवण म्हणतात. पिल्लं तीन ते सहा आठवड्यांची असताना, तूस ओलं झालं की हा आजार हमखास. पिल्लू पिसं फुलवून कोपऱ्यात उभं राहतं, पंख खाली सोडतं, आणि विष्ठेत रक्त. जंतूची अंडी ओल्या तुसात एक-दोन दिवसांत तयार होतात, म्हणून पावसाळ्यात पाण्याच्या भांड्याभोवतीचं तूस रोज काढा, बाकीचं रोज खालीवर करा. औषधापेक्षा ह्यानं जास्त फरक पडतो पण लोकांना पाकीटच पाहिजे असतं.

आता मांजराचं. लेबलवर औषधाचं नाव बघा. अँप्रोलियम असेल तर बोक्यानं मूठभर खाल्लं म्हणून घाबरायचं कारण नाही. सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन असेल तर मात्र पोतं त्याच्या तोंडाला लागता कामा नये. ही औषधं कोंबडीला सोसतात, घोड्याला अजिबात नाहीत, कुत्र्या-मांजरालाही त्रास होतो. १९९६ साली नेदरलँड्समध्ये मांजरांच्या तयार खाद्यात सॅलिनोमायसिन मिसळलं गेलं होतं, शेकडो मांजरांचे पाय लुळे पडले, सुरुवात मागच्या पायांपासनं. तेव्हा बोका नेहमीच्या कट्ट्यावर उडी मारताना चुकतोय का, मागचे पाय ओढतोय का, आवाज बदललाय का हे दोन-चार दिवस बघत राहा. तसं काही दिसलं तर घरगुती उपाय नको, सरळ दवाखान्यात.

उलटी शंका पण लोक विचारतात, मांजराच्या जुलाबातनं पिल्लांना कॉक्सी होते का. नाही होत. मांजराची कॉक्सी वेगळी आणि कोंबडीची वेगळी, एकमेकांना लागत नाही. पण टॉक्सोप्लाझ्मा नावाचा दुसरा जंतू मांजराच्या विष्ठेतनं पसरतो आणि कोंबड्या माती उकरून तो उचलतात, म्हणून तुसाचा ढीग उघडा ठेवू नका. मांजराला तूस म्हणजे आयता संडास वाटतो.

रक्ती दिसलीच तर अँप्रोलियमची पावडर पाण्यातनं, पाकिटावरच्या मापानं, पाच-सात दिवस. त्याच वेळी ताकदीसाठी म्हणून बी-कॉम्प्लेक्स पाजू नका, अँप्रोलियम काम करतं ते जंतूचं बी-१ तोडून, तुम्ही वरनं बी-१ ओतलं तर औषध वाया. आणि दुकानदार "पिल्लं दमदार होत्यात" म्हणून कुठलंही अँटिबायोटिक देत असेल तर नाव वाचा, कोलिस्टिन असेल तर २०१९ पासनं खाण्याच्या जनावरांना ते बंद आहे, तरी कुठं कुठं जुना माल निघतो.

महत्त्वाचं राहिलंच, लासोटा दिलीत का? मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस, पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब. खाद्य कितीही भारी घाला, मानमोडी आली तर पंचवीसातली दोन राहत नाहीत. मग चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची, चौथ्या आठवड्यात परत लासोटा, सहाव्याला देवीची, आठव्याला आर-टू-बी (ही पण मानमोडीचीच). पुढच्या वेळी पिल्लं टेम्पोवाल्याकडनं घेण्यापेक्षा कोल्हापुरात सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे तिथं आधी चौकशी करा, पहिल्या दिवशीची मरेक्स रोगाची लस झालीय का ते तरी कळतं.

बोक्याची मावशी
सगळे कोंबडीवाले बोलले, आता मांजरवाली बोलते. तो खाद्य का खातोय हे कुणीच विचारलं नाही! पोत्यावर फिशमील लिहिलंय का बघा. स्टार्टरमध्ये बऱ्याचदा मासळीची कुटी असते आणि त्या वासानं बोका वेडा होतो. दुसरं कारण म्हणजे तो घरात उपाशी आहे. राग मानू नका पण आपल्याकडं मांजराला दूधभात आणि चपातीचा कुस्करा घालतात आणि म्हणतात खातंय की. खातंय, कारण दुसरं काही नाही. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं आणि ते मांस-मासळीतच असतं, ते नाही मिळालं तर डोळे जातात आणि हृदय ढिलं पडतं, हृदयाचं तर १९८७ साली सिद्ध झालंय. कोंबडीच्या खाद्यात प्रोटीन वीस टक्के असलं तरी ते बहुतेक सोया आणि मक्याचं. तेव्हा बोक्याला त्यानं पोट भरू देऊ नका. चिकनच्या दुकानातनं थोडं काळीज-पेटा आणा, उकडून, मीठमसाला न घालता, काळीज रोज नको आठवड्यातनं दोनदा बास, बाकी दिवस मांसाचे तुकडे. आणि दूध कमी करा, मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात आणि नाव खाद्यावर येतं. (कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर मिळणारं दूध आपल्यासाठी आहे, बोक्यासाठी नाही.)

पोतं झाकायला नुसतं वर पाटा ठेवून काय होत नाही. पत्र्याचा डबा, घट्ट झाकणाचा, पूर्वी गव्हाला असायचा तसला. रात्री खोक्यातलं उरलेलं खाद्य पण काढून घ्या, नाहीतर उंदीर-घुशी येतात, आणि घूस पिल्लू ओढून नेते आणि नाव येतं बोक्यावर. आमच्या गल्लीत हे झालंय, बिचाऱ्या मांजराला काठी पडली आणि चोर वेगळाच निघाला. मग लोक उंदराचं औषध टाकतात, ते तर अजिबात नको, विष खाल्लेला उंदीर मांजर खातं आणि आतनं रक्त जाऊन मरतं.

खोक्यापासनं हलत नाही म्हणताय तर त्याला बल्बची ऊब आवडलेली असणार. झाकणावर चढून झोपेल आणि खोकं बसेल खाली, पिल्लांसकट. वरनं वेल्डेड जाळी लावा अर्ध्या इंची. षटकोनी कोंबडीजाळी घेऊ नका, तिच्यातनं पंजा आत जातो, बोका आख्खं पिल्लू काढत नाही, पाय ओढतो. बल्ब जाळीच्या आत आणि तुसापासनं वीतभर वर. आणि साधा पिवळा बल्ब घ्या, एलईडीनं उजेड पडतो, ऊब नाही! पंचवीस पिल्लांना साठ वॉटचा पुरतो.

एक गोष्ट हात जोडून. कोंबड्यांना पिसवा-लिखा झाल्या की लोक सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन असलं काहीतरी फवारतात. मांजराच्या यकृताला ही औषधं मोडता येत नाहीत. ओल्या खुराड्यावर बसलं, अंग चाटलं की थरथर, झटके, आणि बऱ्याचदा तिथंच संपतं. फिनाईलचं पण तसंच. फवारायचंच झालं तर मांजरं दुसरीकडं कोंडा आणि पूर्ण वाळेपर्यंत सोडू नका. चुन्यानं खुराडं रंगवा त्यापेक्षा, जुनी लोकं तेच करायची.

पाचगावकरीण
बापरे, एवढं कुणी नीट सांगितलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. पोतं उलटून लेबल वाचलं, बारीक अक्षरात सॅलिनोमायसिनच लिहिलंय. बोका तसा ठणठणीत आहे, आत्ताच भिंतीवरनं उडी मारून शेजाऱ्यांच्या मासळीकडं गेला. पोतं माळ्यावर टाकलंय, डबा उद्या. काकींना नको म्हणून सांगितलं तर त्या जरा फुगल्यात, बघू. सासऱ्यांना उकिरड्याचं वाचून दाखवलं, ते म्हणाले "मग मी वाळवी आणून देतो की," आणि खरंच मडकं घेऊन गेलेत शेताकडं. चालतं का ते? आणि सुकट कुटून घातली तर? मालवणहून येते घरी, भरपूर पडलीय.

कागलचा गडी
वाळवी चालती, लय भारी चालती, सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा! मडक्यात शेण आणि गोणपाटाचा तुकडा घालून पालथं ठेवलं वारुळाजवळ की सकाळी भरलेलं असतंय. फक्त जिथं किडीचं औषध मारलंय तिथली नको. तीन आठवड्याच्या पुढं अझोला (पाण्यावर वाढणारी हिरवी वनस्पती) पण घालू शकता, पण मुठीमुठीनं, पोट भरायला न्हाई.

सुकटीचं सांभाळून. खारवलेली असती ती. पिल्लाला मीठ लय लवकर बाधतंय, पाणी पिऊन पिऊन फुगत्यात आणि पडत्यात. दोन-तीनदा धुऊन वाळवून घातली तरी खाद्यात दहा किलोला पाव किलोच्या वर नको, आणि खाद्यातलं मीठ मग काढून टाका. आणि वहिनी, सुकट घातल्यावर बोका परत येणार बघा.

बोक्याची मावशी
सुकट बोक्याला पण नको ओ, एवढं मीठ त्याला पण बरं नाही.

रंकाळ्यावरचा बगळा
मधेच विचारतो, बर्ड फ्लूचं काय? मांजराला होतो का तो? गेल्या वर्षी बातमी वाचलेली.

ढोरांचा दवाखाना
होतो. २०२५ च्या जानेवारीत मध्य प्रदेशात छिंदवाड्याला पाळीव मांजरांत सापडला, आणि त्याच्या जरा आधी नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या गेला, तो पण एच-फाइव्ह-एन-वननंच. मांजरवर्गाला कच्च्या मांसातनं लागतो. म्हणून वरती मावशींनी उकडून म्हणलंय ते बरोबर आहे, कच्चं चिकन आणि दुकानातली आतडी-मुंडकी नकोतच. मेलेलं पिल्लू पण बोक्यापुढं टाकायचं नाही, पुरायचं, वर चुना. एकदम बरीच मेली, तोंड-तुरा निळा पडला तर हात न लावता १९६२ वर, म्हणजे पशुसंवर्धनाच्या हेल्पलाइनवर, फोन करा. आपल्या राज्यात २००६ ला नवापूरला आला होता तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, उशिरा कळवण्यात काय फायदा नसतो. उगाच रोज घाबरायचं पण कारण नाही.

पाचगावकरीण, लासोटाचं उत्तर दिलं नाहीत.

पाचगावकरीण
नाही दिली हो. टेम्पोवाला म्हणाला सगळं करून दिलंय. दुकानात विचारलं तर कुपी म्हणे शंभर डोसची येते, पंचवीस पिल्लांना एवढी घेऊन करायचं काय?

ढोरांचा दवाखाना
सगळं करून दिलंय हे प्रत्येक टेम्पोवाला म्हणतो. एक-दोन दिवस इकडंतिकडं चालतील, पण ह्या आठवड्यात द्याच. कुपी फोडून पातळ केली की दोन तासात संपवायची, बर्फावर ठेवायची, ठेवून उद्या वापरता येत नाही. शेजारीपाजारी मिळून घ्या. जे पिल्लू आधीच मलूल आहे त्याला त्या दिवशी देऊ नका.

कळंब्याची काकू
अगं आमच्याकडं चाळीस आहेत, नऊ दिवसांची, आमचं पण राहिलंय. कुपी मी घेते रविवारी सकाळी, कळंब्यातनं पाचगाव काय लांब आहे होय. तुझ्यात आधी करू, मग आमच्यात. काकींची पण असतील तर सांगून ठेव, त्यांचा रुसवा पण जाईल. बर्फ मी आणते, थर्मास मात्र तुझा काढून ठेव, आमचा पोरांनी फोडलाय. आणि येईपर्यंत बोका कोंडून ठेव गं, मला मांजराची भीती वाटते.